पुलपिटखालचा साखरेचा डबा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दर शुक्रवारी कुणीतरी विचारतंच, "पास्टर, प्रभू बरं करतो असं तुम्हीच सांगता, मग पुलपिटखाली, उपदेशाच्या मेजाखाली, साखरेचा डबा अन् शुगरचं मशीन कामून? विश्वास कमी झाला का?" मंडळीबाहेरचे उलटं विचारतात, "प्रार्थनेत ताकद आहे तर दवाखान्यात कामून धाडता?" काहींना वाटतं, 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याला घाबरलो. साप-विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणाऱ्याला तो कायदा धरतो. सापाचा फोन आला की आमचं उत्तर ठरलेलं आहे: आधी गाडी काढा, प्रार्थना गाडीत होईल.

डब्याचं कारण एका एप्रिल महिन्यातल्या उपवास प्रार्थनेत आहे.

पत्र्याचं शेड, सकाळी दहा ते दुपारी तीन. बायबलातल्या एस्तेर 4:16 चा दाखला देऊन पाणीही न घेणारे होते. साठी ओलांडलेल्या एक मावशी रात्रीच्या भाकरीवर आलेल्या. सकाळी सातला कोऱ्या चहाबरोबर शुगरची गोळी घेतलेली, ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम. ही गोळी पोट भरलेलं आहे की रिकामं ते बघत नाही, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. अकराच्या सुमारास मावशींना जांभया सुरू झाल्या. मग घाम. पण पत्र्याखाली सगळेच घामाघूम, कुणाच्या लक्षात यावं? बाराला आराधना रंगात आली, ढोलकी-खंजिरी चालू, तेव्हा मावशींचे हात थरथरू लागले. पाठोपाठ जीभ जड झाली, शब्द कळेनात. एक बहीण ओरडली, "मावशीवर आत्मा उतरायलाय!" भोवती कडं झालं, हात ठेवले गेले, हालेलुया वाढला. अर्धा तास. अन्यभाषा, म्हणजे आत्म्यानं बोलवलेली न कळणारी भाषा, समजून आम्ही त्या पुटपुटण्याबद्दल देवाचे आभार मानले.

मागच्या रांगेत एक आशाताई होती. तिनं मावशींच्या कपाळाला हात लावला. बाहेर ऊन रणरणत असताना अंग गार, चिकट. नावानं हाक मारली तर ओ नाही. "सकाळी गोळी घेतली होती का?" एवढंच तिनं विचारलं. कुणीतरी साखरपाणी पाजायला धावलं, तिनं तांब्या हिसकावून घेतला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. 108 आली. दवाखान्यात शुगर 31 भरली. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर मावशी उठून बसल्या, आणि संध्याकाळी शुगर पुन्हा खाली गेली. या गोळीचा असर एका बाटलीनं संपत नाही. दोन रात्री ठेवून घेतलं.

आता आमची बाजू. थरथर हे आत्म्याचं चिन्ह मानणं काही आम्ही टीव्हीवर पाहून उचललेलं नाही. 1905 साली केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडल्या, थरथरल्या, पडल्या. आमच्यासारख्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांची सुरुवात जिथून मानतात त्या लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटच्या सभा त्यानंतर, 1906 मध्ये. त्या वारशाची मला लाज वाटत नाही. पण थरथर आत्म्यानं येते तशी साखर उतरल्यानंही येते. अंग गार आहे का, नाव सांगता येतं का, हे पाहायला पाच सेकंद लागतात. ते पाहिलं म्हणून पवित्र आत्मा रागावत असेल असं मला वाटत नाही.

"गोळी बंद करा असं मी कुणालाच म्हटलं नाही," हा बचाव मी बरीच वर्षं केला. खोटा नाही तो. पण साक्षीच्या वेळी, म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं बरं केलं ते सभेत सांगताना, "मी गोळ्या सोडल्या" म्हणणाऱ्याला टाळ्या पडायच्या, आणि त्या टाळ्या मी कधी थांबवल्या नाहीत. त्या वेळचा मी आज समोर आला तर म्हणेल, याकोब 5:14 मध्ये तेल लावायला सांगितलंय, मशीन लावायला नाही. बरोबर. तेल आजही लावतो. पण प्रेषित पौलानं आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेतात आजारीच मागे ठेवलं, हेही त्याच बायबलात आहे. तो वाद आमच्या दोघांत मिटलेला नाही.

आता दारातच विचारतो: गोळी कुठली, घेतली का, खाल्लं का? नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर अशी एकाएकी क्वचितच उतरते. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय उपवास नाही, आणि आपल्या मनानं डोस चुकवणंही नाही. आमच्याच गल्लीतले रोजे धरणारे शुगरचे पेशंट रमजानच्या आधी डोस बदलून घेतात. आपल्याला तेवढं विचारायला काय होतं? मशीनवर 70 च्या खाली दिसलं आणि माणूस शुद्धीत असेल, तर चहाचे तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. वाढली की भाकरी किंवा बिस्किटं, नाहीतर पुन्हा साखर. गुळाचा खडा चघळत बसायचं नाही, वेळ जातो. शुद्ध नसेल तर कुशीवर, तोंडात काही नाही, 108. फीट आली तरी हेच. कांदा नाही, चप्पल नाही, दातात चमचा तर नाहीच.

आणि साक्ष रिपोर्ट आल्यावर. दहा कुष्ठरोग्यांना येशूनं याजकांना दाखवायला पाठवलं होतं, लूक 17:14; रोगी बरा झाला की नाही ते तेव्हा याजक तपासायचे. यावरून दोन घरं मंडळी सोडून गेली. जिथं रिपोर्ट मागत नाहीत तिथं जातात आता.

मावशी अजून येतात. सकाळी अर्धी भाकरी खाऊन, मग गोळी. त्यांच्या मते त्या दिवशी आत्माही आला होता आणि साखरही उतरली होती. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. भाकरी खाऊन बसलेल्याला उपवास म्हणायचं का, असं परवा त्यांनीच विचारलं. दुपारचं जेवण सोडता ना, म्हटलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.