"मायनस मायनस प्लस" जरा उशिराच सांगा

सहावीत पूर्णांक संख्या सुरू झाल्या की शिकवणीच्या वह्यांमध्ये एक उत्तर हमखास सापडतं, −३ − ५ = +८. विचारलं काहून रे, तर पोट्टं एकदम कॉन्फिडन्सने सांगतं, "मॅडम, मायनस मायनस प्लस!" आणि उत्तर चुकलं तरी त्यात त्याचा खरंच काही दोष नसतो, कोणीतरी घाईघाईत त्याला गुणाकाराचा नियम पाठ करून दिला आणि तो आता दोन मायनस दिसले की लावून देतो, बेरीज असो की वजाबाकी. माझं म्हणणं एवढंच आहे की हे वाक्य बेरीज-वजाबाकी हातात बसेपर्यंत घरी किंवा वर्गात कोणी उच्चारूच नये. गुणाकार-भागाकार तसेही सातवीच्या पुस्तकात आहेत, मग सहावीत कसली घाई.

उदाहरण म्हणून सगळेजण तापमान देतात, शून्याच्या खाली पाच अंश वगैरे. लेहच्या मुलाला ते पटेल, पण आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि कडाक्याची थंडी म्हणजे २०१८ च्या डिसेंबरातले ३.५, म्हणजे तेव्हाही शून्याच्या वरच! मुलं मान हलवतात पण आत काही जात नाही.

मी चिंचोके वापरते. फोडून दोन अर्धे करायचे, आतली पांढरी बाजू वर आली की +१, काळी बाजू वर आली की −१. एक पांढरा आणि एक काळा मिळून शून्य, ही जोडी मुलांना लगेच कळते, आणि खरी गंमत त्याच्या पुढे आहे. आता −३ − ५ करायचं. तीन काळे मांडले. त्यातून पाच पांढरे उचल म्हटलं की मुलं बघतच राहतात, पांढरा तर एकही नाही! मग मी थांबते, काही सांगत नाही. कोणीतरी एक जण बोलतोच, "मॅडम, जोड्या टाकू का? त्याने तर काही फरक पडत नाही ना." पाच जोड्या टाकल्या, पाच पांढरे उचलले, खाली राहिले आठ काळे. −८. तिथे प्लस कुठून येणार, पांढरं काही उरलंच नाही.

मग लगेच −३ − (−५). तीन काळे आहेत, उचलायचे पाच काळे, दोन कमी पडतात, म्हणून दोन जोड्या टाकायच्या, पाच काळे काढून घ्यायचे, दोन पांढरे उरतात. ऋण संख्या वजा केल्यावर उत्तर वाढतं हे मुलाने स्वतः हाताने काढलेलं असतं, त्यामुळे ते कंस बघून घाबरत नाही.

याला वेळ लागतो आणि लागू द्यावा. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन आणि ऋणाचे नियम लिहून ठेवले, शून्यातून ऋण वजा केलं तर धन मिळतं हेसुद्धा त्यात आहे, आणि तरी ११०० वर्षांनी, १७५८ मध्ये, फ्रान्सिस मासेरेस नावाचा इंग्रज गणिती ऋण संख्यांना विरोध करत अख्खं पुस्तक लिहीत होता. मग अकरा वर्षांचं लेकरू चार दिवस अडलं तर त्याच्यावर ओरडायचं कशाला?

गुणाकाराला मात्र चिंचोके फार कामाचे नाहीत, ओढूनताणून बसवावे लागतात. तिथे मी फळ्यावर एकाखाली एक लिहिते: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. उत्तर दर ओळीला दोनने वाढून राहिलं हे मुलंच सांगतात. मग खाली (−१) × (−२) लिहून खडू त्यांच्याच हातात द्यायचा. इथे +२ च येणार, दुसरं काही आलं तर वरची सगळी रांग बिघडते, हे त्यांना दिसतं. "मायनस मायनस प्लस" म्हणायचंच असेल तर या ओळीनंतर म्हणा, आणि सोबत "गुणाकारात" हा शब्द जोडूनच म्हणा.