वडिलांना पुढे बसवा

बॅनरवर आता माझ्या नावाआधी ‘प्रेरणादायी वक्त्या, लेखिका’ असं छापतात. या कामाचं मूळ माझ्या शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत आहे. सावित्रीबाईंवरचं भाषण मी ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग’पासून शेवटपर्यंत पाठ केलं होतं. मराठीच्या सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुझ्या मोहल्ल्यातल्या कोणकोणत्या मुलींची शाळा सातवीनंतर सुटली?” मी नावं सांगत गेले. सर म्हणाले, “हेच बोल.”

सावित्रीबाईंचं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्रही सरांनीच वाचायला दिलं. आजारपणामुळे त्या नायगावला माहेरी होत्या. सोबत शाळेत शिकवणाऱ्या फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं त्यांनी जोतिरावांना लिहिलंय. मुलींच्या शिक्षणाच्या या कहाणीत आमच्यातलीही एक बाई आहे, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं! मी माईक धरला तेव्हा मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी अब्बांना हटकलं. अब्बा म्हणाले, “पहले उसकी बात तो सुनो.”

गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. मी तीच रीत धरली. ‘मोठी स्वप्नं बघा’ असं मी कधीच सांगत नाही. कापसाची वेचणी लागली की वर्गातल्या मुली पऱ्हाटीत दिसतात, कारण मजुरी किलोवर मिळते आणि आईला हाताशी कुणीतरी लागतं. त्या मुलींकडे स्वप्नांची कमी नाही. मुलींना शाळेत नेणाऱ्या, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आल्या, बारावीपर्यंत त्यांचा एसटीचा पास फुकट झाला, त्याने जे झालं ते शंभर व्याख्यानांनी झालं नसतं. म्हणून पास कसा काढायचा, बस किती वाजता आहे, हेही मी माझ्या भाषणात सांगते.

मुली सगळ्यांसमोर बोलत नाहीत. मी त्यांच्याकडून बिननावाच्या चिठ्ठ्या घेते. पाळीच्या दिवसांत शाळेत कसं थांबायचं, भाऊ नापास झाला तर माझी शाळा का बंद, लग्न ठरलंय पण बारावी करायची आहे. या चिठ्ठ्यांना उत्तरं देता देताच माझं पुस्तक झालं.

पण खरी गाठ वडिलांशी असते. “ताई, पोरगी जास्त शिकली तर जोडीचा पोरगा कुठून आणू?” हा प्रश्न मला मशिदीजवळच्या वस्तीत विचारतात, तसाच पाटीलवाड्यातही. मी त्यांना आपल्याच भागातली घरं आठवायला सांगते. कर्जापायी कर्ता माणूस गेला आणि मागे सातबारा, बँकेचे कागद, लेकरं असं सगळं एकट्या बाईच्या पदरात पडलं, अशी घरं. मग सभेत बराच वेळ कुणी बोलत नाही. मीही बोलत नाही.

येत्या ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, त्याच शाळेने मला बोलावलं आहे. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती आहे की हारतुरे नकोत, पुढच्या रांगा सातवी-आठवीच्या मुलींच्या वडिलांसाठी ठेवा. आणि कार्यक्रम संध्याकाळी घ्या, दिवसा सगळे शेतात असतील.