नेवऱ्या कुठे लाटायच्या?

गेल्या वर्षी शिगमो (आमची गोव्यातली होळी) संपल्या संपल्या आम्ही स्वयंपाकघराचं काम काढलं. त्याच्या आधी दोन महिने मी रात्री झोपताना फोनवर किचनंच बघत बसायचे, पांढरीशुभ्र, मधोमध तो आयलंड म्हणतात तसला ओटा, वरून लोंबणारे तीन दिवे, आणि त्यातलं एक फारच आवडलं म्हणून सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, फोन जवळ घेतला लांब नेला, आणि एवढंच म्हणाल्या, "बरें आसा गो, पूण नेवऱ्यो खंय बसून लाटप?" म्हणजे छान आहे गं, पण नेवऱ्या (करंज्या) कुठे बसून लाटायच्या.

मी तेव्हा हसले. नवऱ्याला पण सांगितलं, बघ तुझ्या आईला वर्षातून एकदा येणाऱ्या चवथीची (गणेश चतुर्थीची) काळजी. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना आणि शेवटी आमचं अख्खं किचन त्या एका प्रश्नावर उभं राहिलं (की बसलं म्हणू), म्हणून हे लिहितेय, कारण डिचोलीकडच्या माझ्या तीन मैत्रिणींची घरं अशीच आहेत आणि तिघी पण सध्या तीच चित्रं बघतायत.

घर जुनं, चिऱ्याचं, दीड फूट जाड भिंती, वर मंगळुरी कौलं. स्वयंपाकघर तसं लहान नव्हतं हां, चौदा बाय अकरा फूट. मुंबईची नणंद म्हणते आमचा हॉल एवढा नसतो. पण आत शिरलं की कोंडल्यासारखं व्हायचं. भर दुपारी ट्यूब लावल्याशिवाय तांदळातले खडे दिसायचे नाहीत. एकच खिडकी, दोन बाय दोनची, ती पण छातीच्या वर. आधी मला वाटायचं जुन्या लोकांना कळत नव्हतं. तसं नाहीये. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वारा अंगावर येतो तेव्हा तिरपा घुसतो, चूल विझली तर घर उपाशी, म्हणून खिडकी लहान. आणि चुलीचा धूर वर कौलांतून झिरपत बाहेर जायचा, जाता जाता वासे आणि रिपा सुकवायचा, त्यामुळे लाकडाला किडा लागत नव्हता. गॅस आला, चूल मागच्या पडवीत गेली, धूर बंद, आणि मग वरून पिवळा भुगा पडायला लागला. एकदा आंबोळ्यांच्या पिठावर पडलेला, मी हळद समजले. म्हणजे अंधार आम्ही ठेवला आणि त्या अंधाराचा जो फायदा होता तो घालवला.

आता मुख्य रड. त्या खोलीला तीन दारं होती. एक वसरीत जाणारं जिथे आम्ही जेवतो, एक मागच्या पडवीत, जिथे बाव (विहीर) आणि न्हाणी, आणि एक कोठीच्या खोलीत. ओटा एका भिंतीला, सिंक समोरच्या भिंतीला, आणि मधून घरातल्या प्रत्येकाची जायची यायची वाट. मी फोडणी करतेय आणि माझ्या पाठीमागून सासरे टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीकडे, मुलगा चिखलाचे बूट घेऊन पडवीकडे, कोण कोठीतून नारळ आणतंय. फ्रिज तर वसरीत, कारण किचनमध्ये पॉइंटच नव्हता. एका सकाळी मी चहा करताना पावलं मोजली, फ्रिजकडे जाऊन दूध आणायला अठरा आणि परत अठरा, आणि साखर विसरले म्हणून कोठीत वेगळी फेरी. मग लक्षात आलं की मला मोठं किचन नकोच आहे, मला ती वाट पाठीमागून हटवायची आहे.

आर्किटेक्ट मुलगी, नवऱ्याच्या मित्राची भाची, तिने ते त्रिकोणाचं समजावलं, सिंक शेगडी फ्रिज, एकेक बाजू ४ ते ९ फूट, तिन्ही मिळून २६ च्या आत, आणि त्रिकोणातून येजा नको. सोपं आहे, पटतं पण. तिनेच सांगितलं की हे आजचं मॉड्युलर वगैरे आहे ना त्याची आजी म्हणजे फ्रँकफुर्ट किचन, १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की नावाच्या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईंनी केलेलं, रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर बघून, जेमतेम सहा बाय अकरा फुटांचं, एकट्या बाईला कमी पावलांत सगळं हाताशी यावं म्हणून. मी ते फोटो बघितले, खरंच हुशार काम आहे, डाळी तांदळाचे ओतायचे डबे सुद्धा भिंतीत बसवलेले. पण त्यात दुसरी बाई उभी राहू शकत नाही. आमच्याकडे चवथीला पाच असतात आणि पाचीजणी खाली बसतात.

तर आम्ही काय केलं, कोठीचं दार बुजवलं. कोठीला वसरीतून नवीन दार काढलं, तिथे आधीच एक कोनाडा होता तो मोठा केला, वर नीट लिंटल (वरचं वजन पेलणारी आडवी तुळई) टाकून. आणि बुजवलेलं दार पूर्ण न भरता मागच्या बाजूने फक्त एक थर चिरे लावले, म्हणजे किचनच्या बाजूला जवळजवळ फूटभर खोल जागा मिळाली. तिथे कडप्प्याच्या फळ्या बसवल्या, सोलं, तिरफळं, मिठातल्या कैऱ्यांच्या बरण्या, सगळं तिथे, समोरच, दार उघडायला नको. खोलीतली इंचभर जागा न खाता कपाट मिळालं. त्याच्याशेजारी नवीन पॉइंट काढून फ्रिज आणला, आणि ओटा एल आकाराचा एकाच कोपऱ्यात, खिडकीखाली सिंक आणि वळणावर शेगडी. वसरी ते पडवी ही वाट आता दुसऱ्या भिंतीकडून सरळ जाते, न्हाणीला जाणारा माणूस माझ्या पाठीशी येतच नाही. मध्ये सात बाय सहाची फरशी मोकळी राहिली. तिथे आयलंड येणार होता.

खिडकीचं सांगते कारण तिथे आमचे पैसे वाचले. मला ती रुंद करायची होती. गवंड्याने, साठीपलीकडचा माणूस, नुसतं बोटाने वर दाखवलं, भिंतच वजन घेतेय, खांब बीम काही नाही, रुंद करायची तर वरचा लिंटल बदला, वरची कौलं उतरवा. खाली वाढवा म्हणाला. खाली कापायला काही लागत नाही, वरचं जसंच्या तसं राहतं. मग खिडकी ओट्यापर्यंत खाली आणली, दोन फुटांची साडेतीन फूट झाली. आणि दीड फुटी भिंतीत खिडकी म्हणजे बोगदा असतो ना, तर आतल्या बाजूने दोन्ही कडा तिरक्या तासल्या, बाहेर तेवढीच, आत फाकलेली, आणि त्या तिरक्या कडांना पांढरा चुना. एवढ्याने जो फरक पडला तो मी दोन दिवस नुसता बघत होते. वर बाहेरून पागोळीचा पत्रा थोडा पुढे काढला, पाऊस आत येत नाही, येतो थोडा, सिंकमध्येच पडतो.

मग काचेची कौलं, तीन, उत्तरेच्या उतारावर. मंगळुरी कौलं १८६५ पासून कारखान्यात होतात, बासेल मिशनवाल्यांनी मंगळूरला सुरू केलं, आणि साच्यातली असल्यामुळे त्याच मापाचं काचेचं कौल अलगद बसतं, फोडाफोड नाही, छत उघडायला नको. शेगडीच्या वर मात्र लावू नका. मला तिथेच हवं होतं, कामावर उजेड म्हणून, गवंडी म्हणाला चार महिन्यांत तेलकट होईल आणि पुसायला कोण चढणार. उत्तरेला का, तर ऊन थेट कमी येतं. मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला जातो हे शाळेत शिकले होते, पण समजलं फरशीवर कवडसा पडल्यावर.

आणि रात्रीचं, हे कुणीच सांगत नाही. खोलीच्या मधोमध दिवा असेल आणि ओटा भिंतीला, तर तुमची स्वतःची सावली विळीवर पडते. मी वीस वर्षं पेडवे माशांचे काटे सावलीत काढले आणि डोळ्यांना दोष दिला, नंबर पण वाढवून आणला. आता वरच्या फळीच्या खालच्या कडेला पुढच्या बाजूने एलईडीची पट्टी आहे, ४००० केल्विनची, फार पिवळी नाही फार निळी नाही, निळ्या उजेडात मासा ताजा की शिळा ते पण कळत नाही.

प्लायचं दुःख थोडक्यात. हे आमचं दुसरं काम, सहा वर्षांपूर्वी एकाकडून मॉड्युलर करून घेतलेलं, नाव घेत नाही, वॉटरप्रूफ आहे वहिनी काय टेन्शन घेऊ नका. पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचं कपाट भिजलेल्या बिस्किटासारखं फुगलं, तिसऱ्या पावसाळ्यात दाराचं बिजागर स्क्रूसकट हातात आलं आणि आत वाळवी. नंतर कळलं की प्लायवर शिक्का असतो, आयएस ३०३ म्हणजे साधं, नेहमीच्या वापराचं, आयएस ७१० म्हणजे मरीन, उकळत्या पाण्याला टिकणारं. शिक्का कापायच्या आधी बघायचा, लॅमिनेट चढल्यावर देवाला पण दिसत नाही. यावेळी सिंकखाली प्लायच नाही, कडप्प्याचे उभे पाय, पुढे नुसता पडदा, पाइप गळला तर त्याच दिवशी दिसतो. दिसायला जुनाट आहे, असू दे. ट्रॉल्या फक्त दोन, भांड्यांच्या.

भिंतीला पण तसंच, आधीच्या माणसाने चिऱ्यावर सिमेंटचा गिलावा केलेला, जमिनीतली ओल वर चढते आणि तिला बाहेर पडायला जागा नाही, रंगाचे पापुद्रे डाळीत पडायचे. तो सगळा खरवडून चुन्याचा केला. चुना सुकायला वेळ घेतो आणि नवऱ्याचा संयम तेवढा नाही, मे महिनाभर आम्ही पडवीत चुलीवर जेवण केलं, खरं सांगायचं तर उकड्या तांदळाची पेज तिथे जास्त चांगली होते. सिलिंडर पण पडवीतच ठेवला, उभा, मोकळ्यावर. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, बंद कपाटात नको.

ओट्याच्या उंचीवरून मात्र खरं भांडण झालं. सासूबाई चार फूट दहा, मी पाच चार. मेस्त (मिस्त्री) सरसकट ३४ इंच करतो म्हणाला, सगळे तेवढंच करतात. पण शेगडी वर ठेवली की तिचे चार-पाच इंच आणखी, त्यावर टोप, मग ढवळताना माझाही खांदा वर जातो, सासूबाई तर पाट घेऊन उभ्या राहायच्या, गरम आमटीसमोर पाटावर. कोपरापासून चारेक इंच खाली हात चालला पाहिजे असा हिशेब. मग शेगडीची बाजू ३० ला आणि सिंकची, कापायची ३४ ला, वळणावर चार इंचांची पायरी. मेस्ताने दोनदा विचारलं, चुकून नाही ना. पायरीला पीठ अडकतं, पुसताना वैताग येतो, ते कबूल. पण पाट गेला.

सगळं मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास गेले, त्यात वासे बदलले आणि राहिलेल्यांना किडीचं औषध मारलं ते पण आलं.

चवथीच्या आदल्या दिवशी जाऊबाई, नणंद, शेजारची वयनी, सासूबाई आणि मी, त्या सात बाय सहाच्या फरशीवर चटया टाकून बसलो. आदोळीवर, म्हणजे विळीवर, नारळाची सोय पाडायची (खोबरं खवायचं) ती पण खाली बसूनच, ओट्यावर काही जमत नाही ते. एक जण लाटतेय, दोघी भरतायत, एक कातणाने कापतेय, तळणारी मी उठून दोन पावलांवर शेगडीशी, आणि सासरे त्या दुसऱ्या भिंतीकडून न्हाणीत गेले आणि आले, कुणाला गुडघे आवळावे लागले नाहीत. वयनी म्हणाली मध्ये एवढी जागा फुकट का ठेवली गो, टेबल तरी ठेव. सासूबाईंनी वर बघितलं नाही, लाटत राहिल्या.

आता एक अडचण आहे. मागच्या आठवड्यात माकडांची टोळी कौलांवरून गेली आणि तिघांतलं एक काचकौल तडकलं, सध्या वर प्लॅस्टिकची पिशवी आणि दगड आहे. बुधवारच्या बाजारादिवशी डिचोलीत तीन दुकानं फिरले, सगळीकडे प्लॅस्टिकचं दाखवतात, ते दोन उन्हाळ्यांत पिवळं पडतं. कुणाचं जुनं घर मोडतायत आणि काचेची कौलं उतरवणार असतील तर कळवा, पाऊस यायच्या आधी पाहिजे, एकच.