हातचं आणि इथलं: एका पाटीमागची चार वर्षं

२०२१ च्या दसऱ्याला मी साताऱ्यात, समर्थ मंदिराकडून बोगद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर १८० चौरस फुटांचा गाळा भाड्याने घेतला आणि घरगुती वस्तूंचं दुकान उघडलं. त्याआधी सोळा वर्षं एका पतसंस्थेत रोखपाल होते. माल ओळखता आला नाही तरी हिशेब चुकणार नाही, एवढी एक खात्री होती.

पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, नावाखाली काय टाकू? मी म्हटलं, ‘हातचं आणि इथलं’ टाका. दोन मिनिटांत सुचलं आणि फार आवडलं. पुढे या तीन शब्दांनी माझा जो पिच्छा पुरवला, त्याचीच ही हकिगत.

कागदपत्रांचं विचारणारे बरेच भेटतात, म्हणून ते आधी उरकते. गुमास्ता, म्हणजे दुकानाची सरकारी नोंदणी, हे फार मोठं लचांड असेल असं वाटलं होतं. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर नुसती ऑनलाइन सूचना भरून पावती घ्यायची होती, आणि माझ्याकडे तर मीच एकटी. ‘उद्यम’ ही लहान धंद्यांची नोंदणीही घरबसल्या झाली. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आसपाससुद्धा नाही, त्यामुळे जीएसटीची नोंदणी अजून घेतलेली नाही. गाळ्याची अनामत ६० हजार, पहिला माल पावणेतीन लाखांचा. मांडण्या जुन्या बाजारातून आणून घरीच घासून घेतल्या.

माल मात्र पावणेतीन लाखांत सगळा बसेना. म्हणून शहाणपणा केला: काही जणांकडून ‘विकलं की पैसे’ या बोलीवर घेतला. त्यातल्या पहिल्या घोंगड्या.

घोंगडीसाठी दहिवडीमार्गे म्हसवडला गेले. घोंगड्या विणणाऱ्या सनगर समाजातले एक आजोबा खड्डामागावर कमरेपर्यंत खड्ड्यात बसून विणत होते, सून ओसरीवर चरख्यावर सूत काढत होती. अंगणात दुसऱ्या घोंगडीचा ताणा, म्हणजे उभे धागे, पसरला होता आणि त्याला खळ लावायचं काम चाललं होतं. चिंचोके कुटून शिजवलेली ती पेज कुंच्याने धाग्याधाग्यावर फिरवायची आणि उन्हात कडक वाळू द्यायची. आपल्याकडच्या मेंढीची लोकर आखूड आणि राठ असते. खळ नसेल तर मागावर चढवल्या चढवल्या धागे तुटतात, असं आजोबांनी सांगितलं. शिवाय चांगली लोकरही पूर्वीसारखी मिळत नाही. माडग्याळ जातीची मेंढी पाळणारे वाढलेत, ती मटणाला चांगली, पण अंगावर लोकर बेताचीच.

मी माझी बोली सांगितली. आजोबांनी काही न बोलता चार घोंगड्या घडी करून दिल्या.

चार महिन्यांत दोन गेल्या. दोनाचे पैसे घेऊन मोठ्या ऐटीत म्हसवडला गेले, तर माग रिकामा. पाच आठवडे बंद होता. लोकर घ्यायला पैसे नव्हते.

‘‘तुमच्याकडं चार पडल्या हुत्या न्हवं,’’ आजोबा म्हणाले, ‘‘तेवढंच तर भांडवल हुतं.’’

आवाजात तक्रार नव्हती, त्यामुळे मला जास्तच लागलं. सोळा वर्षं लोकांना कर्जाचं व्याज समजावून सांगितलं, आणि इथे एका म्हाताऱ्या माणसाचं खेळतं भांडवल मी बिनव्याजी माझ्या मांडणीवर शोभेला ठेवलं होतं. परत आल्यावर पाटल्या तारण ठेवल्या, त्याही माझ्याच जुन्या पतसंस्थेत. खिडकीच्या आतली मुलगी माझ्याच हाताखाली शिकलेली. ‘‘मॅडम, तुम्ही?’’ म्हणाली. तेव्हापासून माल रोखीनेच घेते. त्यामुळे दुकानात वस्तू कमी दिसतात, आणि ‘‘एवढंच?’’ असं रोज कुणीतरी म्हणतं.

गोधडीचा भाव ठरवताना वेगळीच पंचाईत झाली. आमच्या आळीतल्या एक काकू शिवतात. धावदोरा इतका बारीक की उलटसुलट कळत नाही. मजुरी किती, विचारलं तर ‘‘द्या काय द्यायचं ते.’’ हे उत्तर बायकांकडूनच येतं, पुरुष कारागिरांकडून मी अजून ऐकलेलं नाही. मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. रोज चारेक तास धरले तर अकरा दिवस लागतात. खुरपणीला जाणाऱ्या बाईला तेव्हा दिवसाला ३०० रुपये मिळायचे. म्हणजे अर्ध्या दिवसाचे १५० धरून १,६५०. अस्तर, दोरा मिळून ४५०. झाले २,१००. त्यावर भाडं, वीज आणि माझे मिळून ७००. काकूंनी आकडा पाहिला आणि म्हणाल्या, ‘‘कोण घेणार एवढ्याला?’’

पहिल्याच गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, ‘‘अठ्ठावीसशे? आमची आजी फुकट शिवायची!’’ आजीला कुणी मजुरी विचारली होती का, हे ओठांवर आलं होतं, पण दुकानदाराने गिळायच्या गोष्टी असतात. पुढे लोक स्वतःच्या घरचं नऊवारी घेऊन यायला लागले, आईचं, सासूचं. आता निम्म्या गोधड्या तशाच होतात आणि त्यांच्या भावाबद्दल कुणी घासाघीस करत नाही.

बांबूने मात्र चांगला चटका दिला. २०२२ च्या पावसाळ्याआधी एका ठिकाणाहून बांबूच्या दिव्यांच्या शेड आणि टोपल्या आणल्या, दिसायला झकास. जुलैत रोज सकाळी मांडणीखाली पिवळसर पिठी सांडलेली दिसायची. मी झाडून टाकायची. चौथ्या-पाचव्या दिवशी सुपं द्यायला आलेल्या बुरूड मावशींनी ती पिठी चिमटीत धरली आणि म्हणाल्या, ‘‘भुंगा लागलाय की! कवळा तोडलाय, पाण्यात बी घातला न्हाई.’’ कोवळ्या बांबूत गोडवा असतो, त्यावर भुंगा येतो. तीन वर्षांच्या पुढचा बांबू तोडून काही दिवस वाहत्या पाण्यात ठेवला की तो गोडवा निघून जातो. मला हे सगळं माल आणून झाल्यावर कळलं. ७,४०० रुपयांचा माल आमच्या बंबात गेला. आठ दिवस आंघोळीला कडक पाणी होतं.

पण हे सगळं पैशाचं नुकसान. पाटीला खरा तडा पणत्यांनी दिला.

पहिल्या दोन दिवाळ्या मी गावाबाहेरच्या एका कुंभारदादांकडून पणत्या आणल्या. साध्या, आणि पानाफुलांची नक्षी असलेल्या. नक्षीच्या पणत्या साध्यांपेक्षा चौपट खपायच्या. वर माझ्याच अक्षरात कार्ड: ‘साताऱ्याच्या कुंभाराने घडवलेल्या’. २०२३ ला दिवाळीच्या आधी एकदा भल्या सकाळी न सांगता गेले, तर दारात टेम्पो उभा आणि पेंढ्यात बांधलेली खोकी उतरत होती. खोक्यांत माझ्या नक्षीच्या पणत्या.

दादा अजिबात गडबडले नाहीत. ‘‘साध्या चाकावरच्या माझ्या, ताई. ह्या साच्यातल्या, भायेरनं येत्यात. तुम्ही कधी इचारलंच न्हाई.’’

खरंच नव्हतं विचारलं. त्यांच्या अंगणात चाक फिरताना पाहिलं आणि अंगणातलं सगळंच त्या चाकावरचं असं मीच ठरवून टाकलं. दादांचं गणितही सरळ होतं. दिवसभर चाकावर बसून सहा-सातशे साध्या पणत्या होतात, त्या दोन-दोन रुपयांना मागतात. नक्षीच्या पणतीला लोक दहा रुपये न कुरकुरता देतात. पोट साध्यावर भरत नाही, म्हणून शेजारी नक्षीची लावायची.

त्यांनीच मग ओळखायचं कसं ते शिकवलं. पणती उलटी करा. चाकावरची पणती ओल्या मातीच्या गोळ्यावरून दोऱ्याने कापून काढतात, तो दोरा बुडावर शिंपल्याच्या पाठीसारख्या वळत गेलेल्या रेघा सोडतो. साच्यातलीचं बूड गुळगुळीत असतं, आणि कडेला बारीक सांधा दिसतो. गेली दोन वर्षं त्या रेघा माझ्या बोटांखाली होत्या.

त्या दिवाळीला दुकानाबाहेर फळ्यावर खडूने लिहिलं: ‘मागच्या दोन वर्षांच्या नक्षीदार पणत्या बाहेरगावच्या, साच्यातल्या होत्या. मला माहीत नव्हतं, चौकशी माझी कमी पडली. कुणाला परत करायच्या असतील तर पैसे देईन.’ आमच्या ह्यांचं म्हणणं, जिथे कुणाला पत्ता नाही तिथे दवंडी कशाला? एक निवृत्त गुरुजी तेवढे बारा पणत्या घेऊन आले. १२० रुपये मोजून घेतले आणि त्यातल्या ४८ रुपयांच्या साध्या चोवीस पणत्या घेऊन गेले. बाकी कुणी आलं नाही. एका मुलीने फळ्याचा फोटो मात्र काढला.

ह्यांनीच मग गमतीत सुचवलं की पाटीवरचं ‘आणि’ खोडून ‘किंवा’ करून घे. मी खरंच विचार केला, कारण तोवर सोलापूरची चादर डोक्यात घोळत होती. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तिच्याइतकं इथलं दुसरं काय असणार? पण ती यंत्रमागावर होते, नक्षीही मागावरच्या जेकॉर्ड यंत्राची. म्हणजे इथली, पण हातची नाही. पाटीप्रमाणे चालायचं तर ठेवता येत नाही, आणि न ठेवावी तर सोलापुरी म्हणून भलतीकडची चादर लोकांच्या गळ्यात पडते. उलट बाजूने माझ्या जाऊबाई जयपूरच्या ठशांच्या चादरी ठेव म्हणून मागे लागलेल्या. हातच्या आहेत, पण इथल्या नाहीत, आणि त्या विकणारी दुकानं गावात चार आहेत. चादर ठेवली, जयपूर नाही. कुणी यात विसंगती काढली तर मान्य आहे.

पाटी बदलली नाही. त्याऐवजी प्रत्येक वस्तूला कार्ड लावलं: कुठे झाली, कशाची, हाताने की यंत्राने, कारागिराला किती दिले. हा शेवटचा आकडा लिहू नकोस असं सगळ्यांनी सांगितलं. तो वाचून दोन-तीन जणांनी ‘‘मग तुम्ही एवढे वर लावता?’’ असं विचारलंही. मी भाड्याची पावती दाखवते.

सगळ्यात जास्त बोलावं लागतं ते तांब्याबद्दल. पुण्याच्या तांबट आळीतून तांबे, तपेल्या आणते, मठार केलेल्या, म्हणजे हातोडीने ठोकलेल्या. ते गोल ठोके लोकांना नक्षी वाटतात, पण ठोकून ठोकून पत्रा कडक होतो, त्याला पोचा येत नाही, म्हणून ते असतात. यंत्रावर नुसते खळगे उमटवलेली भांडीही बाजारात येतात. त्यांचे ठसे एका मापाचे, ओळीत आखल्यासारखे. हाताच्या मठाराची ओळ कुठेतरी सरकतेच, मी गिऱ्हाइकाला ती जागा बोटाने शोधायला लावते.

विकलं की जबाबदारी संपत नाही, हेही तांब्या-पितळेनेच शिकवलं. एका सुनबाईंनी कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ताकाची कढी केली, ती कळकली, आणि पातेलं माझ्यापुढे आपटलं. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी दुकानासमोर कल्हईवाले चाचा बसतात. जमिनीत खळगा, त्यात कोळसा, बाजूला हाताने फिरवायचा भाता. पातेलं तापलं की चिमूटभर नवसागर टाकतात, पांढरा धूर उठतो आणि शेजारच्या मेडिकलवाल्याला खोकला येतो. मग कथलाची कांडी आतून टेकवायची, ती पाण्यासारखी वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायची. पिवळं पातेलं डोळ्यांदेखत चांदीसारखं होतं. शेवटी पाण्यात बुडवलं की ‘चर्रर्र’. पोरं त्यासाठीच थांबलेली असतात. चाचांच्या पैशांत मी हात घालत नाही. पण पातेलं घेऊन आलेली बाई आत एक चक्कर टाकतेच.

पैशाचं विचाराल तर: सगळं वजा जाता महिन्याला १८-२० हजार सुटतात. पतसंस्थेत जास्त मिळायचे. वर्षाच्या विक्रीतला मोठा वाटा सप्टेंबर-ऑक्टोबरचा, कास पठारावरची फुलं बघून खाली उतरणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांमुळे. त्यांना हलकं, न फुटणारं आणि गाडीच्या डिकीत मावणारं लागतं. गावातल्या लोकांना दणकट लागतं. दोन्ही एकाच मांडणीवर बसवताना अजून घोटाळे होतात. पाटल्या मागच्या मार्चमध्ये सोडवल्या.

आत्ता हे लिहिताना बाहेर साताऱ्याचा पाऊस कोसळतोय. घोंगडी सगळ्यांना याच दिवसांत आठवते, आणि याच दिवसांत ती होत नाही, कारण खळ वाळायला ऊन लागतं. वहीत सहा जणांची नावं आहेत. काल म्हसवडला फोन केला. आजोबांनी आधी पैसे पोचल्याचं सांगितलं, मग सुनेने फोन घेतला आणि म्हणाली, ‘‘आमच्याकडं पाऊस नाय बरं का, पण आभाळ हाय. ऊन पडलं की ताणा घालतो. तवर लोकांना दम धरायला सांगा.’’