डोंगराचे नाक आणि एक आगंतुक ‘त’

कोरनच्या चिंचोळ्या खाडीवरची फेरीबोट काही मिनिटांतच पलीकडच्या आर्डगौरच्या धक्क्याला लागते. तेथून ग्लेन टार्बर्टच्या निर्जन दरीतून वीसेक किलोमीटर पश्चिमेला गेले की सुनार्ट नावाच्या लांबलचक खाडीच्या टोकाशी स्ट्रॉन्टीअन हे छोटे गाव लागते. स्कॉटलंडच्या या कोपऱ्यात लोक येतात ते बहुधा ओकच्या जुन्या रानांसाठी. मी मात्र या गावाच्या नावात लपलेल्या एका शब्दासाठी आले होते. गेलिकमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक भाषेत, गावाचे नाव ‘स्रॉन अन त-शीहेन’ असे आहे. त्यातील ‘स्रॉन’ म्हणजे नाक, आणि ‘शीहन’ म्हणजे जिच्या पोटात अदृश्य लोकांची वस्ती असते असे मानले जाते, ती गोल टेकडी. ज्या शहराच्या नावाचा संबंध लोकपरंपरा शूर्पणखेच्या नाकाशी जोडते, त्या नाशिकमध्ये मी वाढले. त्यामुळे नाकावरून नाव पडलेले गाव जगाच्या दुसऱ्या टोकाला आहे हे वाचल्यापासून ते पाहण्याची ओढ मला होती.

गेलिक बोलणाऱ्यांनी डोंगरांना शरीर मानले आहे, हे ग्लेन्कोवरून येतानाच ध्यानात येऊ लागले होते. तेथील एका सुळक्याच्या नावात ‘कीह’, म्हणजे स्तन, आहे. इतरत्र डोंगराच्या लांब धारेला ‘द्रुइम’, म्हणजे पाठ, म्हणतात. माथ्याखालच्या सपाटीला ‘गुअलन्’, म्हणजे खांदा, म्हणतात आणि समोरच्या उताराला ‘आडन्’, म्हणजे चेहरा, म्हणतात. मुख्य डोंगरापासून सुटून दरीत किंवा पाण्यात घुसलेला भाग म्हणजे ‘स्रॉन’. सह्याद्रीत हिंडणारे आपण त्याच आकाराला डोंगराची सोंड म्हणतो, आणि मला वाटते, या शब्दाचे मराठी भाषांतर करायचे झाल्यास ‘भूशिर’ या पुस्तकी शब्दापेक्षा ‘सोंड’ हाच शब्द त्याच्या अधिक जवळ जातो.

गावात मी ज्यांच्या घरी उतरले होते, त्या आजीबाई मूळच्या लुईस बेटावरच्या, म्हणजे जन्मापासून गेलिक बोलणाऱ्या होत्या. मी कागदावरचा शब्द पुढे करून त्याचा उच्चार विचारला. कागदावर ‘स्र’ होते, पण त्यांच्या तोंडून स्पष्ट ‘स्त्रॉन’ असा शब्द आला. माझी ऐकण्यात चूक झाली असावी असे वाटून मी पुन्हा विचारले, तेव्हाही तोच दंत्य ‘त’ ऐकू आला. मग त्यांनी ओढ्याच्या प्रवाहाला म्हणतात तो ‘स्रुथ’ हा शब्द उच्चारून दाखवला. तो ‘स्त्रुह’ असा ऐकू आला. रस्त्याला म्हणतात तो ‘स्राज’ त्यांच्या तोंडी ‘स्त्राज’ झाला. हा शेवटचा शब्द तर फारच विलक्षण आहे, कारण तो लॅटिन ‘स्ट्राटा’च्या कुळातून आलेला, गेलिकची पूर्वज असलेल्या जुन्या आयरिशमध्ये शिरताना त्याने आपला ‘ट’ गमावला आणि पुढे स्कॉटलंडमधल्या बोलण्यात तो पुन्हा मिळवला.

त्या क्षणी मला शाळेतल्या मराठीच्या बाई आठवल्या. ‘सहस्त्र’ आणि ‘स्त्रोत’ असे लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत त्या लाल वर्तुळ काढत आणि ‘सहस्र’, ‘स्रोत’ असे दहा-दहा वेळा लिहून घेत. त्यांचे शुद्धलेखन बरोबरच होते. पण चूक करणाऱ्या मुलांच्या जिभेचे काही कारण असते, हे मला सुनार्टच्या काठावर उमगले. ‘स’साठी जीभ दातांच्या मागे अगदी जवळ येते, पण टेकत नाही, लगेच ‘र’साठी ती टेकून सुटावी लागते, आणि या घाईत क्षणभर हवा अडली की ‘त’ आपोआप जन्मतो. इंग्रजीतील ‘स्ट्रीम’मध्ये तो असाच शिरला आहे, आणि ‘सिस्टर’मधला ‘ट’ही मूळचा नव्हे, हे आपल्या ‘स्वसृ’ शब्दाशी ताडून पाहिले की कळते.

यात योगायोग आहे तो जिभेच्या सवयीचा. ‘स्रुथ’ आणि ‘स्रोत’ या शब्दांचे नाते मात्र रक्ताचे आहे. दोन्ही वाहणे या अर्थाच्या एकाच प्राचीन धातूपासून आले. वेल्श भाषेने आरंभीच्या ‘स्र’चे नियमाने ‘फ्र’ केले, म्हणून तेथे प्रवाहाला ‘फ्रुद’ म्हणतात, आणि ‘स्रॉन’चे वेल्श भावंड ‘फ्रॉइन’ म्हणजे नाकपुडी. अर्थ नाकावरून नाकपुडीवर सरकला आहे, आणि ते स्वाभाविकच वाटते, कारण अभ्यासक या शब्दाचे मूळ घोरण्याच्या अर्थाच्या धातूशी जोडतात. म्हणजे हे नाव नाकाच्या आकारावरून नव्हे, तर त्याच्या आवाजावरून पडले असावे. संस्कृत ‘नासा’ आणि इंग्रजी ‘नोज’ ज्या शब्दापासून आले, तो गेलिक भाषांनी नाकासाठी ठेवला नाही. आपले ‘नाक’ही थेट ‘नासिका’पासून आलेले नाही, ते प्राकृतातील ‘णक्क’चे वंशज आहे.

आता गावाचे नाव पाहावे. त्यातला पहिला ‘ट’ या जिभेच्या घाईचा. दुसरा त्याहून नवलाचा, कारण गेलिकमध्ये विशिष्ट ठिकाणी नामाआधी ‘त’ येतो आणि पुढचा ‘स’ मुका होतो, म्हणून ‘शीहन’चे ‘चीहेन’सारखे काहीतरी होते. इंग्रजांनी कानाला जे पडले ते लिहून घेतले. त्यामुळे स्ट्रॉन्टीअन या नावातले दोन्ही ‘ट’ मूळ दोन्ही शब्दांत कोठेच नाहीत. दक्षिणेकडचे स्ट्रॅनरार हे बंदरही असेच, म्हणजे ‘जाडे नाक’. नेस सरोवराकाठी अर्कार्टचा पडका किल्ला ज्या टोकावर उभा आहे, त्याचे नाव स्ट्रोन पॉइंट. आयर्लंडच्या केरी परगण्यात मात्र याच शब्दाचे ‘श्रोन’ झाले, आणि मॅन बेटावरच्या मँक्स भाषेने, जिचे लेखन इंग्रजी वळणाचे आहे, आगंतुक ‘त’ला सरळ लेखनात जागा देऊन ‘स्ट्रोइन’ असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी मी गावामागच्या ओकच्या रानातून जुन्या शिशाच्या खाणींपर्यंत चालत गेले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या खाणी सुरू झाल्या. तेथे सापडलेले एक खनिज वेगळे असल्याचे १७९० मध्ये अडेअर क्रॉफर्ड यांच्या लक्षात आले, आणि १८०८ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने त्यातील धातू वेगळा केला. तो ३८ अणुक्रमांकाचा स्ट्रॉन्शियम होय. दिवाळीच्या फटाक्यांतला लाल उजेड बहुधा त्याच्याच क्षारांचा असतो. एका डोंगराच्या नाकाचे नाव अशा रीतीने जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले, हे मला त्या खाणींच्या ढिगाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठे वाटले.

संध्याकाळी आजीबाईंनी मला एक वाक्प्रचार शिकवला. कोणाला एखादी गोष्ट झोंबली तर गेलिकमध्ये ‘त्याने ते नाकात घेतले’ असे म्हणतात. मी त्यांना नाकाला मिरच्या झोंबणे म्हणजे काय ते सांगितले. मग त्यांनी आपली वही पुढे करून, ‘स्रुथ’चा तुमच्याकडचा भाऊ तुमच्या लिपीत लिहून द्या, असे म्हटले. मी काळजीपूर्वक ‘स्रोत’ असे लिहिले, आणि आमच्याकडे बरेच जण त्यात ‘त’ घालून लिहितात, हेही सांगितले. त्या म्हणाल्या, “तेही लिहा. मला ओळखू येईल ते तेच.” मी खालच्या ओळीत ‘स्त्रोत’ असे लिहिले.