आमची वाटचाल : तिफणीपासून नावेपर्यंत

पैठण तालुक्यात आम्ही लाकडी नावा बनवतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "मराठवाड्यात पाणी कुठंय?" प्रश्न बरोबर आहे, आणि आमचा धंदा त्या प्रश्नातूनच उभा राहिला आहे. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, भरला की सुमारे 350 चौरस किलोमीटर पसरतो, पण तो पसरट आहे. चैत्र-वैशाखात पाणी इतकं मागं सरतं, की दिवाळीत होडी जिथं बांधलेली होती तिथं गाळपेराची हिरवी रानं उभी असतात. जड होडी जागेवरच चिखलात रुतते. आपल्याकडं नाव अशी पाहिजे, की दोघांनी खांद्यावर घ्यावी आणि पाणी असेल तिथवर चालत जावं.

आमचं घर सुतारकीचं. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, उभा जन्म बाभळीच्या तिफणी, वखर आणि बैलगाडीची चाकं करण्यात घालवला. ट्रॅक्टर आले, ते काम गेलं. मी सागाच्या चौकटी-दारं करायला लागलो, तर लोखंडी चौकटी आणि तयार फ्लश डोअर आले. मग मॉड्युलर किचन. पोट भरत होतं, पण दिवसभर प्लायवर लॅमिनेट चिकटवताना रंध्याला हात लागायचा नाही, याचं फार वाईट वाटायचं.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये कामं बंद पडली. त्या दिवसांत मोबाईलवर लाकडी पट्ट्यांची कनू, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, वल्ह्यानं चालणारी हलकी नाव, कशी बांधतात ते पाहिलं. कनू मूळची उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची, भूर्जाच्या सालीची. पुढं कॅनडात पीटरबरो भागात सीडरच्या पट्ट्यांपासून ती बांधायला लागले, आणि गेल्या शतकात फायबरग्लासचं (काचेच्या धाग्यांचं) कापड व इपॉक्सी (दोन द्रव कालवल्यावर कडक होणारा गोंद) आल्यावर घरच्या शेडमध्ये कुणालाही जमेल अशी ही रीत झाली. मला त्यात पहिल्यांदा दिसलं ते माप. पट्टी दोन सूत जाड आणि सहा सूत रुंद (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). हे आमचंच माप!

रीत अशी. आडव्या भक्कम तुळईवर फूट-फूट अंतरावर प्लायचे फर्मे, म्हणजे नावेच्या आकाराचे साचे, उभे करायचे. नाव पालथी बांधायची. पट्टीच्या एका कडेला गोलाई, दुसऱ्या कडेला खोबण, म्हणजे वळणावरही सांधा मिटून बसतो. सोळा फुटी नावेला सत्तरच्या आसपास पट्ट्या लागतात. एवढ्या लांबीचं सरळ लाकूड मिळत नाही, म्हणून तिरका सांधा घ्यायचा. जाडीच्या आठपट लांबीचा काप, म्हणजे दोन सुताला दोन इंच. गोंद वाळला की पट्ट्या धरून ठेवणारे बारीक खिळे काढायचे, आणि मग रंधा.

नावेत काटकोन शोधून सापडत नाही. गुण्याची सवय असलेला माझा हात तिथं अडला, पण अण्णांचा अडला नाही. चाकाचे गोलाईदार पाट तासलेला माणूस तो. ते टोकाशी उकिडवे बसले, एक डोळा मिटून पट्टीच्या ओळीवरून पाहिलं. मग उठून दोन्ही डोळे मिटले आणि लाकडावरून तळहात फिरवत आले. "पाचव्या फर्म्यापाशी पोट आलंय बघ." मी बोट ठेवलं, मला काही लागेना. लवचिक पट्टी लावून पाहिली तर अर्ध्या सुताचा फुगवटा निघाला. आजही आमची कुठलीही नाव त्यांचा तळहात फिरल्याशिवाय पुढं जात नाही.

पहिली नाव सागाची केली, कारण हाताशी साग होता. वजन भरलं 41 किलो. दोघांनी उचलून चिखलातून चालायला हे फार. पुढच्या नावेपासून शिवण धरली, म्हणजे शिवणीच्या झाडाचं लाकूड. हलकी, तासायला गोड, वाळल्यावर फारशी फिरत नाही. त्याच मापाची नाव 34 किलोत बसली.

पण खरी परीक्षा इपॉक्सीने घेतली. पहिल्या नावेला इपॉक्सीत भिजवून फायबरग्लासचं कापड चढवलं ते एप्रिलात, सकाळी नऊला, पत्र्याच्या शेडखाली. डब्यात कालवलेलं इपॉक्सी काही मिनिटांत तापून धूर सोडायला लागलं. घाईनं दुसरं कालवून लावलं. अकराच्या सुमाराला पत्रा तापला तसं लाकूडही तापलं, लाकडाच्या छिद्रांतली हवा फुगून बाहेर आली आणि कापडाखाली मोहरीएवढे बुडबुडे उठले. अख्खी एक बाजू खरवडून काढावी लागली. तीन आठवडे गेले, माल गेला, आणि घरात तेव्हा पैसे नव्हते.

बाटलीवरच्या सूचना थंड मुलखाच्या होत्या. आपल्या उन्हाचं गणित आपणच मांडायचं होतं. आता कापड चढवायचं काम मार्गशीर्ष-पौषातच, आणि तेही दिवस कलल्यावर. लाकूड थंड होत जातं तेव्हा हवा आत ओढली जाते, तिच्याबरोबर इपॉक्सीही आत मुरतं. थोडं-थोडं काट्यावर तोलून कालवतो आणि लगेच परातीत पातळ पसरतो, म्हणजे ते तापत नाही. पांढरं कापड भिजत जातं तसं नाहीसं होतं आणि खालून शिवणीच्या रेषा उजळून वर येतात. हे पाहायला शेजारची लेकरं दरवेळी दारात येऊन उभी राहतात.

प्रत्येक नाव देण्याआधी मित्राच्या शेततळ्यात उतरवतो. अंगात लाइफ जॅकेट आणि काठाला गाठी मारलेला दोर असल्याशिवाय कुणी पाण्याकडं जात नाही. शेततळ्याचा प्लास्टिकचा उतार किती घसरडा असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा तिथं नाव घालायची तर आधी वनखात्याची परवानगी, हेही गिऱ्हाइकाला विकतानाच सांगतो.

आजवर 11 नावा गेल्या. मत्स्यशेती करणारे शेतकरी, पक्षी पाहणारे, काही पुण्याकडचे हौशी. नाथसागरावरच्या भोई बांधवांना या नावेची किंमत परवडत नाही. त्यांच्यातले कितीतरी जण अजून थर्माकोलच्या चप्पूवर, म्हणजे तराफ्यावर, बसून जाळं टाकतात. त्यांच्यासाठी बारा फुटी, कमी खर्चाची नाव काढायची आहे. दोन आराखडे फसले, तिसऱ्याचे फर्मे कापून झालेत.

ज्यांना घरीच बांधायची आहे त्यांना फर्मे आणि खोबण मारलेल्या पट्ट्यांचा भारा देतो. दोन माणसांनी रोज संध्याकाळी लावून धरलं तर तीन-चार महिन्यांत नाव होते. फक्त इपॉक्सीला हात घालण्याआधी एक फोन करा. आणि नाव झाल्यावर दरवर्षी वॉर्निशचा एक हात द्या, कारण ऊन इपॉक्सीला खातं. उन्हाळ्यात ती पत्र्याखाली ठेवू नका. कडुलिंबाच्या दाट सावलीत, दोन लाकडी घोड्यांवर पालथी ठेवा.