गरुडावर बसलेली संक्रांत

तिकिटं जानेवारीतच काढून ठेवली होती. लेकीची दहावी १७ मार्चला संपणार, की एप्रिलमध्ये थायलंड, तेही सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या पाण्याच्या सणाच्या दिवसांत. आणि २८ मार्चला म्यानमारमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. बँकॉकमधली बांधकाम चालू असलेली उंच इमारत कोसळतानाचा व्हिडिओ आमच्या फॅमिली ग्रुपवर एकाच संध्याकाळी नऊ जणांनी टाकला. "आता तरी जाऊ नका," असा सूर लागला, तेव्हा उत्तर अण्णांनी लिहिलं. "भूकंप होऊन गेला. मी जाणार आहे." अण्णा म्हणजे माझे सासरे. वय ७६, बँकेतून निवृत्त, संस्कृत घेऊन मॅट्रिक झालेले. बॅगेत त्यांनी पंचांग आणि रेनकोट घातला. पंचांग सवयीने. रेनकोट मुद्दाम, कारण "मी भिजणार नाही" हे त्यांनी पुण्यातच जाहीर केलं होतं.

बँकॉकबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, एक रात्र राहिलो. तिथून रात्रीच्या रेल्वेने चियांग माई. राजा मेंगरायने १२९६ मध्ये वसवलेलं हे गाव. जुनं शहर चौकोनी, भोवती पाण्याचा खंदक, एकेक बाजू साधारण दीड किलोमीटरची. शहराला लागूनच दोई सुथेपचा डोंगर आहे म्हणे, पण एप्रिलमध्ये रानं आणि शेतं जाळल्याचा धूर इतका साठतो की आम्हाला डोंगर पहिल्या दिवशी दिसलाच नाही. वर अडतीस डिग्री. अशा उन्हात अंगावर कोणी पाणी ओतलं, तर त्याला सण का म्हणतात ते लगेच कळतं.

आम्ही उतरलो होतो ते एका घरातच होतं. खाली मालकीणबाईंचं कुटुंब, वर पाहुण्यांच्या चार खोल्या. त्यांना सगळे 'पा' म्हणायचे, म्हणजे मोठी मावशी किंवा आत्या, मग आम्हीही पा म्हणू लागलो. त्यांच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक रंगीत चित्र लावलेलं होतं. चार हातांची नव्हे, आपली दोनच हातांची देवी, गरुडावर बसलेली. एका हातात चक्र, एका हातात शंख. अण्णा तिथेच थांबले. "ही कोण?"

ही नांग सोंगक्रान, म्हणजे सोंगक्रानची देवी. गोष्ट अशी: ब्रह्मदेवासारख्या एका देवाच्या सात मुली. कोड्यात हरल्यामुळे बापाने आपलं मस्तक कापून दिलं, आणि ते जमिनीवर ठेवलं तर आग लागेल, समुद्रात टाकलं तर समुद्र आटेल, म्हणून दर वर्षी एकेक मुलगी ते घेऊन मेरू पर्वताला प्रदक्षिणा घालते. सण ज्या वारी येतो, त्या वाराची मुलगी त्या वर्षाची. प्रत्येकीचं वाहन, शस्त्र, फूल, दागिना, खाणं ठरलेलं. २०२५ मध्ये १३ एप्रिलला रविवार, म्हणून थुंगसा देवी. वाहन गरुड, कानाशी डाळिंबाचं फूल, दागिने माणकाचे, आहार उंबराचं फळ. ती उभी आहे, बसली आहे की निजली आहे, यावरूनही वर्षाचा अंदाज बांधतात.

अण्णांनी खोलीतून पंचांग आणलं आणि मकर संक्रांतीचं पान उघडून पांना दाखवलं. वाहन, उपवाहन, वस्त्र, हातात काय, काय भक्षण करते आहे. पांना अक्षर कळत नव्हतं, अण्णांना थाई येत नव्हती, मध्ये लेकीच्या मोबाईलवरचं भाषांतर. तरी अर्धा तास दोघं बोलत होते. सोंगक्रान हा शब्दच मुळी 'संक्रांती'. फक्त त्यांची मेषेची, आपली मकरेची. मला लहानपणापासून "संक्रांत कशावर आहे?" हा प्रश्न आजीपुरता वाटायचा. तो दुसऱ्या देशातल्या स्वयंपाकघरात टांगलेला असेल असं वाटलं नव्हतं.

१३ आणि १४ तारखेला आम्ही खंदकाच्या कडेला होतो. आपली रंगपंचमी घ्या, त्यातून रंग काढा, आणि ती तीन दिवस चालवा. पिकअप गाड्यांमध्ये मोठाले ड्रम, त्यात बर्फाच्या लाद्या. ते पाणी पाठीवर पडलं की शब्द फुटत नाही. अनोळखी आजीबाई जवळ येऊन गालाला पांढरी माती हलकेच फासतात आणि हसतात. लेक पहिल्या पंधरा मिनिटांत मराठी विसरली. नवऱ्याने फोनसाठी गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पिशवी घेतली होती, ती चौदा तारखेला गळली आणि फोन गेला. त्या दिवसाला तिथे 'वान नाओ' म्हणतात, त्या दिवशी शिवी दिली तर वर्ष वाईट जातं. त्याचं वर्ष कसं जायचं ते जाओ. अण्णा रेनकोट घालून एका दुकानाच्या आत खुर्चीवर बसून होते. बाहेरच्यापेक्षा आतून जास्त भिजले असतील, घामाने.

पंधरा तारखेच्या सकाळी पांनी आम्हाला खाली बोलावलं. अंगणात सतरंजी, खुर्चीवर त्यांचे वडील, अगदी थकलेले. समोर चांदीचं नक्षीदार भांडं, त्याला 'सलुंग' म्हणतात. पाण्यात मोगरा, करडईच्या पाकळ्या, आणि भाजलेल्या, मुडपलेल्या तपकिरी शेंगा. मी वाकून वास घेतला आणि मला आईची न्हाणी आठवली. शिकेकाई! ते तिला 'सोम पोय' म्हणतात. या विधीचं नावच 'दाम हुआ', म्हणजे डोकं धुणं. प्रत्यक्षात धाकटे गुडघ्यांवर बसून वडीलधाऱ्यांच्या ओंजळीत हे पाणी ओततात, आणि म्हातारं माणूस तोच ओला हात स्वतःच्या केसांवरून फिरवतं. वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा, एवढंच मागणं.

पांचा मुलगा, त्यांची सून, नातवंडं झाली. मग पांनी दुसरी खुर्ची ओढली आणि अण्णांना बसवलं. नातू गुडघ्यांवर आला, ओंजळीत पाणी घातलं, हात जोडून थांबला. अण्णांना कळेना. पा म्हणाल्या, "फोन, फोन." अण्णांनी ओल्या हाताने सदऱ्याच्या खिशातून फोन काढून त्यांच्यापुढे धरला. सगळं अंगण हसलं. 'फोन' म्हणजे आशीर्वाद. मूळ शब्द आपला 'वर'. मागे पांचे वडील पुटपुटत होते, आयु, वण्णो, सुखं, बलं. अण्णांनी मान वर केली. भाषा पाली असली तरी चारही शब्द त्यांना कळले होते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "जीव शरदः शतम्." तोपर्यंत पाणी बाह्यांतून कोपरापर्यंत गेलं होतं. रेनकोट वर खोलीतच राहिला होता.

सोळा तारखेला तिथे फणसाची आमटी करतात, वर्षभर आधार मिळावा म्हणून. एरवी त्यात डुकराचं मांस असतं. पांनी आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात बिनमांसाची केली. तिखट होती, अण्णांनी दोनदा घेतली. निघताना त्यांनी अण्णांच्या हातात कागदाची पुडी ठेवली, आत सोम पोयच्या चार शेंगा.

त्या आता देवघरात पंचांगाशेजारी आहेत. मी मंडईतून शिकेकाई आणून शेजारी ठेवून बघितली. मला काही फरक दिसला नाही. अण्णा म्हणतात, त्यांची जरा काळपट आहे.